डावीकडच्या खिशाचा फ्रॉक

प्रिय आईस, तुझ्या लेकीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, जेवते वेळेवर. तुझी कंबर कशी आहे? अजून तासन्‌तास मशीनवर बसतेस ना?

आमच्या डिझायनर बाईंच्या नव्या कपड्यांची चोवीस चित्रं मी जलरंगात रंगवली. ओल्या कागदावर रंग सोडला की कापडाचा झोल आपोआप उतरतो, तुला बघायला आवडलं असतं. एका चित्रात मी तू शिवलेला फ्रॉक काढला. पडद्याच्या कापडाचा, मी डावखुरी म्हणून डावीकडे खिसा असलेला. हे कुठून सुचलं, असं बाईंनी विचारलं. मी मूर्ख, चहा पिता पिता सगळं सांगून बसले.

काल प्रदर्शन झालं. चोवीसही चित्रांवर सही बाईंची. तेही गिळलं. पण त्या फ्रॉकपाशी उभ्या राहून बाई डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्या आईने पडदा कापून शिवला होता हा. मी डावखुरी ना!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई, मीसुद्धा वाजवल्या.

नंतर बाई लोकांना सह्या देत बसल्या. उजव्या हाताने.

तो फ्रॉक ट्रंकेत असेल तर कोणालाही देऊ नकोस.

तुझीच,
डावखुरी