मूसाला गादी कशी मिळाली

इंगोलश्टाट, २ नोव्हेंबर २०२५

चि. मधूस अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक, तुम्हीही असालच. पत्र बघून दचकू नकोस, काही वाईट झालेलं नाही. फोनवर मी नुसता हं हं करतो, म्हणून कागद घेतला. सकाळपासून तीन फाडले. सरिता वैतागून म्हणाली, "अहो, एका जागी बसा तरी!"

थंडी वाढलीय. गाडीला हिवाळ्याचे टायर चढवले. ऑफिसात काम कमी, मीटिंगाच फार. असो.

मैत्रेयीला शाळेत रेफेराट आहे, म्हणजे वर्गापुढे उभं राहून बोलायचं. विषय मन्सा मूसा, सातशे वर्षांपूर्वीचा आफ्रिकेतल्या माली साम्राज्याचा बादशहा. त्याच्या सोन्याच्या गोष्टी सगळेच सांगतात, पण गादी कशी मिळाली ते मला परवा कळलं. आधीच्या राजाला म्हणे समुद्रापलीकडे काय आहे ते बघायचं होतं. दोनशे नौका पाठवल्या, एकच परतली. तरी हा पठ्ठ्या दोन हजार नौका घेऊन स्वतः निघाला. मागे मूसाला कारभार दिला, मी येईपर्यंत सांभाळ म्हणून. तो आलाच नाही. मूसा राजा झाला, आणि केवढा मोठा झाला!

मी म्हटलं, छान आहे. तर कार्टी जर्मनमधूनच म्हणते, "बाबा, मूसा किती वर्षं वाट बघत बसला असेल? त्याला कुणी सांगायला नको होतं?"

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही रे.

आप्पा गेले तेव्हा मीही तुला म्हणालो होतो, दोन वर्षं सांभाळ, आलोच. अकरा झाली. दर मार्गशीर्षात खंडोबाचे घट तू बसवतोस, चंपाषष्ठीपर्यंत उपास तू करतोस, आणि संकल्पात नाव माझं. का, तर थोरला हयात आहे! पुण्याची नोकरी तू त्यापायीच सोडलीस. "दादा आला की जाईन," म्हणालास. परवा विचारलंस, यंदा तरी येणार ना? मी म्हटलं, रजेचं बघतो.

खोटं बोललो. रजा भरपूर शिल्लक आहे. मार्चमध्ये माझं आइनब्युर्गरुंग झालं. म्हणजे इथलं नागरिकत्व घेतलं, भारताचा पासपोर्ट परत केला. पेढे वाटायचं सोडून तुझ्यापासून लपवलं. वाटलं, तू मला घरातून वजा करशील. मला लाज वाटते, मधू.

मी राहायला परत येणार नाही. पाहुणा म्हणून येईन, तू बोलावलंस तर.

यंदा भटजींनी संकल्पाला नाव विचारलं, की तुझं सांग. मोठ्यानं सांग. मग पुण्याला जा नाहीतर तिथेच राहा, तुझी मर्जी. घट पुण्यातही बसतात. पण माझी वाट बघू नकोस रे.

तुझा, यापुढे फक्त वयानं थोरला,
शशिधर