तारीख न काढलेलं लग्न

दादर,
तुळशीचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय अक्षदा,

पाकिटावरचं अक्षर सौमित्रचं नाही हे बघून कपाळाला आठी पडली असेल, तर ती आधी पूस. होणाऱ्या सासूचं पत्र म्हणजे तक्रारींचं भेंडोळं, असं आपल्याकडे धरूनच चालतात. त्यात माझ्या जिभेची कीर्ती दादरहून लालबागला पोचायला वेळ लागला नाही, हे तुझ्या रखमाआजींनी मला तोंडावर सांगितलंय. पण आज मी भांडायला बसलेली नाही. सौमित्रचे बाबा वाचनालयात गेलेत. सौमित्र हल्ली कॉलेजात शिकवून आला की घरी न येता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसतो, तिथेच असेल. घरात मी एकटी आहे, म्हणून लिहायला घेतलं.

तू त्याला पाठवलेला निरोप मला ठाऊक आहे. त्यानं आपण होऊन दाखवला नाही. पण आमटीत मीठ नव्हतं तरी हा मुकाट्यानं जेवून उठला, तेव्हा मी सरळ विचारलं. लग्नाच्या या गडबडीमुळे तुझ्या जहाजावरच्या माणसांच्या जिवाला धोका झाला, तुला कुणालाच कधी येण्याची तारीख सांगता येणार नाही, तेव्हा त्यानं मोकळं व्हावं आणि दुसरी मुलगी बघावी, असं तू लिहिलंस. आणि हा शहाणा मला सांगतो, आई, तिचा निर्णय आहे, मी त्याचा मान ठेवला पाहिजे. मान कसला डोंबलाचा, म्हटलं. तर उठून गेला. तेव्हापासून घरात तुझं नाव निघालेलं नाही.

आता एक खरं सांगते, रागावू नकोस. तो निरोप ऐकल्यावर पहिल्यांदा मला हायसं वाटलं होतं. हो, हायसं. का ते पुढे सांगते, कारण ते मला स्वतःलाही उशिराच कळलं.

तू जाणतेस, तारखेशिवाय माझं पान हलत नाही. बँकेत जन्म गेला, त्याचा हा परिणाम. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात दूधवाल्याचे खाडे, गॅसचा नंबर, नणंदेच्या नातवाची मुंज, सगळं लाल शाईनं लिहिलेलं असतं. अशा बाईची सून नौदलात! साखरपुड्याला मी तुला विचारलं, पुढची सुट्टी कधी? तू म्हणालीस, सांगता येणार नाही काकू. निदान महिना? तू नुसती हसलीस. मी आतून धुमसत होते. दादरला लग्नाचा हॉल मिळवायचा म्हणजे वर्षभर आधी उंबरे झिजवायला लागतात, आणि ही मुलगी महिनासुद्धा सांगत नाही म्हणजे काय?

मग तू जेवायच्या टेबलावर मला समजावलंस ते आठवतं? ताटात एका बाजूला थालीपीठ, दुसऱ्या बाजूला दह्याची वाटी, आणि मधल्या चिंचोळ्या जागेतून तू शेंगदाणे सरकवत होतीस. म्हणालीस, काकू, ही आखाताच्या तोंडाची जागा. तुमच्या शेगडीतला गॅस इथूनच येतो. पूर्वी भीती असायची ती मोठ्या आरमाराची. आता पोरं खेळण्यात उडवतात तसलं एखादं ड्रोन कुठल्याशा टेकडीवरून सुटतं आणि कोट्यवधींचं जहाज पेटतं. सोडणारा कोण, त्याच्या मागे कोण, हे शोधेपर्यंत सगळ्या जगात तेल महागतं. आणि अशा वेळी आम्ही नेमके कुठे आहोत हे कुणाला माहीत नसणं, हीच आमची अर्धी ताकद असते. मी सगळं मन लावून ऐकलं, मान डोलावली, आणि विचारलं, बरं, पण मार्गशीर्षात येशील ना? सौमित्रचे बाबा अजून त्यावरून मला चिडवतात.

मग तो लालबागच्या नाक्यावरचा फ्लेक्स. त्याचं बालंट तू एकट्या वैभवकाकावर घेऊ नकोस. तुझा सख्खा काका, मंडळाचा चिटणीस, त्याला घाई फार, हे खरं. पण त्याला तारीख कुणीच सांगितली नव्हती गं. मी अंदाजानं मार्गशीर्षातला हॉल धरला. तुझ्या आईनं हिंदमाताला ब्लाउज शिवायला टाकले आणि शिंप्याला बजावलं की अमक्या आठवड्याच्या आत हवेत. रखमाआजींनी मिरच्या वाळवून मसाला कांडून आणला, चेडवाक घरचोच मसालो लागता म्हणून. प्रत्येकीनं आपापलं काम केलं, कुणी अवाक्षर बोललं नाही. वैभवनं नाक्यावर चहा पिता पिता हॉल, ब्लाउज आणि मसाला यांची बेरीज केली, झालं! दुसऱ्या दिवशी गणवेशातला तुझा फोटो, जहाजाचं नाव, मुंबईत आगमनाची तारीख, ढोलताशांच्या गजरात भव्य स्वागत, आणि खाली मंडळाच्या झाडून सगळ्या कार्यकर्त्यांचे चेहरे. वैभवचा तर तुझ्याहून मोठा. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून पोरांनी तोच फोटो इन्स्टावर चढवला.

दुपारी साध्या कपड्यातले दोघे सरकारी अधिकारी तुमच्या चाळीत आले. आवाज चढवला नाही, चहा घेतला, आणि फ्लेक्स उतरवायला सांगितला. वैभव रडकुंडीला येऊन म्हणाला, साहेब, आपल्या पोरीचं कौतुक म्हणून केलं हो. ते म्हणाले, ते आम्हाला दिसतंय, पण हा फोटो फक्त लालबागवाले बघत नाहीत ना काका. वैभवनं स्वतः शिडीवर चढून दोऱ्या कापल्या. ते दोघे गेल्यावर चाळीला सुतक लागल्यासारखं झालं. आमची बेरीज बरोबर होती की चूक, मला माहीत नाही. तूही सांगू नकोस. तुझा तो निरोप आला त्यानंतर.

आता ज्यासाठी मी लालबागला गेले ते सांगते. खरं तर तुझ्या आईला हॉल सोडून देऊ या असं सांगायला गेले होते, म्हणजे लग्नच मोडलं असं धरून. जिना चढते तो वर हा गलका! तुमच्या शेजारच्या रुचाचा नवरा हितेंद्र जहाजावरून परत आला होता. तो तेलाच्या बोटीवर असतो, नौदलात नाही, तू ओळखतेसच. सगळी चाळ त्याच्याभोवती, मधोमध हा बसलेला, हातात सोलकढीचा पेला. तो सांगत होता, त्या चिंचोळ्या समुद्रात त्यांच्या बोटीवर ड्रोन घिरट्या घालायला लागलं. कप्तानानं सगळ्यांना खाली इंजिनाच्या खोलीत पाठवलं. कुणी हनुमान चालीसा म्हणतोय, कुणी बायकोला मेसेज टाइप करतोय आणि तो जात नाही. मग रेडिओवर आवाज आला, आपल्या हिंदीत, की घाबरू नका, आम्ही जवळ आहोत. वर येऊन बघतात तर बाजूला आपल्या नौदलाचं राखाडी जहाज. हितेंद्र म्हणाला, काकू, आईशप्पत, मी कठड्याला धरून लहान पोरासारखा रडलो. रुचा त्याच्या मागे उभी होती, तिनं त्याच्या शर्टाची कॉलर धरून ठेवली होती, सोडतच नव्हती.

आणि नवल ऐक. कुठलं जहाज होतं ते हितेंद्रनं सांगितलं नाही, आणि अख्ख्या चाळीत कुणी विचारलंही नाही. वैभवनं तोंड उघडलं होतं, पण मिटलं! ज्या चाळीत एका घरी बोंबील तळले तर पलीकडच्या टोकाला कळतं, तिथे ही माणसं आपण होऊन गप्प बसली. मला भरून आलं. जिन्यात जाऊन मी पदर तोंडाला लावला, तर मागून रखमाआजी आल्याच. मी म्हटलं, आजी, मी हिच्यामागे सारखी तारखेचा धोशा लावला. त्या म्हणाल्या, आमचा चेडू दर्यार असा बाये, तां काय एस्टीन येतला, वेळ सांगूक? मग माझा हात धरून म्हणाल्या, तारीख इचारतंस म्हणजे तुका भ्या वाटता. माका पण वाटता.

तेव्हा मला कळलं, मुली. मी 'कधी येशील' विचारत होते, पण मला ऐकायचं होतं 'येईन'. तारीख मिळाली की तू परत येणार हे नक्की, असं माझ्या बँकेतल्या डोक्यानं धरलं होतं. आणि तू लग्न मोडलंस तेव्हा हायसं वाटलं ते याचसाठी, की ही आपल्या घरात आलीच नाही तर तिच्या काळजीनं खिडकीशी उभं राहायला नको. केवढी भित्री मी! तिथे रुचा महिनोन्‌महिने खिडकीशी उभी राहिली आणि त्या दिवशी तिच्या घरात माणसं मावत नव्हती. मी तुझ्या आईला हॉल सोडायचाच म्हणून सांगितलं, पण कारण बदलून: लग्न आहे, तारीख नाही.

त्यानंतरचा सगळा उपद्व्याप वैभवचा. गेल्या मे महिन्यात सीमेवर पेटलं होतं आणि भोंगे वाजवून सरकारनं सराव घेतला होता ना, तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते बसलंय. म्हणाला, वहिनी, हल्ला कधी होणार माहीत नसताना सराव करतात, मग नवरी कधी येणार माहीत नसताना का नाही? हॉल नको, चाळीचं पटांगण आहे. गणपतीचा मांडव घालणारी पोरं आहेत. गिरगावातल्या आमच्या गुरुजींना मुहूर्ताचं विचारलं, तर म्हणाले, मुहूर्त नसेल त्या दिवशी गोरज आहे, सूर्य काय रोज मावळतोच. परवाच्या रविवारी वैभवनं शिट्टी फुंकली आणि लग्नाचा सराव सुरू झाला. काय सांगू तुला! नवरी म्हणून मुंडावळ्या बांधून पाटावर रखमाआजी, नवरा म्हणून सौमित्रचे बाबा. गुरुजी परळच्या पुलावर अडकले. अंतरपाट कुणाच्याच लक्षात राहिला नाही, तेव्हा आजींचं जुनं लुगडं धरलं. आणि हार विसरले ती मी, जिच्या घराखाली फुलबाजार आहे! वैभवनं सगळ्यांसमोर माझी हजेरी घेतली आणि मी ऐकून घेतली. पुढच्या रविवारी परत सराव आहे. शिवाय नियम केलाय की तुझ्याबद्दल 'कधी' असं जो विचारेल त्यानं मंडळाला नारळ द्यायचा. सगळ्यात जास्त नारळ माझेच झालेत, पण सवय सुटतेय.

सौमित्रला यातलं काही सांगितलं नव्हतं. तो बाबांना न्यायला म्हणून आला आणि पटांगणाच्या दारातच थबकला. समोर मुंडावळ्यातल्या आजी लाजतायत आणि त्याचे बाबा गंभीरपणे हात जोडून उभे. तुझा निरोप आल्यापासून पहिल्यांदा तो हसला, पोट धरून हसला. मग डोळे पुसले. लुगड्याचं एक टोक धरायला माणूस कमी पडत होता, तो काही न बोलता पुढे झाला आणि त्यानं ते धरलं. मंगलाष्टका संपेपर्यंत धरून उभा होता. तो तुला हे लिहिणार नाही. मान ठेवतोय ना तुझा!

म्हणून मी लिहितेय. मुलाकडच्यांनी मुलीला रीतसर मागणी घालायची असते. तुमचं तुम्हीच ठरवलंत, आम्ही नुसते पोहे खायला आलो, त्यामुळे ते राहूनच गेलं. ते आज करते. अक्षदा, मी तुला मागणी घालते. माझ्या मुलासाठी घालतेच, पण त्याहून माझ्यासाठी घालते, मला तू घरात हवी आहेस. नोकरी सोडू नकोस, कुणाची माफी मागू नकोस, आणि आमच्यामुळे तुझ्या माणसांना पुन्हा धोका होईल ही भीती मनातून काढून टाक. खिडकीशी उभं राहायचं काम तुझी आई, आजी आणि मी वाटून घेऊ. तू कुठे आहेस ते मला सांगू नकोस. कधी येशील तेही सांगू नकोस. फक्त 'हो' एवढंच लिहून पाठव. ते जगात कुणाच्याही हाती लागलं तरी चालेल.

तुझीच, अजून तरी काकू,
लतिका