माझ्या वाटचा चहा

॥ श्री गुरुबसव प्रसन्न ॥

लोगन, युटा (अमेरिका)
ता. ४ ऑक्टोबर १९५३

ती. गुरुअक्का हिस,
सोमूचे शि. सा. शरणार्थ. वि. वि.

बोट, रेल्वे, मोटार असं करत एकदाचा पोचलो. पाटाचं पाणी उतारावरून कसं न्यायचं ते इथं शिकवायलेत. आपल्या मंठाळला पाणी नाही पण उतार भरपूर, म्हणजे निम्मं शिक्षण मी घरूनच करून आलोय. गाव चहूकडून डोंगरांत बसलंय. सकाळी धुकं खाली उतरतं तेव्हा गाई दिसत नाहीत, नुसत्या घंटा वाजतात, आणि मला वाटतं मी अजून झोपलेलाच आहे.

एडनाबाई म्हणून एक विधवा बाई आहेत, त्यांच्याकडं खोली मिळाली. घरात दोन मुली आणि बाईंचे म्हातारे वडील. हे लोक मॉर्मन पंथाचे, दारूला न शिवणारे. आईच्या काळजीनं अव्वानं निघताना घातलेली शपथ आता आपोआप पाळली जाईल म्हणून मी निर्धास्त झालो. पण दुसऱ्या दिवशी चहा मागितला, तर बाईंचा चेहरा असा झाला जणू मी शिंदीचं मडकंच मागितलं.

ह्यांच्या धर्मवाणीत दारू, तंबाखू आणि गरम पेयं वर्ज्य आहेत. गरम पेयं म्हणजे चहा आणि कॉफी, असा अर्थ त्यांच्या थोरांनी मागंच लावून ठेवलाय. मी विचारलं की मग गरम कोको कसा चालतो. त्या म्हणाल्या की गरमपणाचा काही संबंध नाही. मग बर्फ घातलेला चहा चालेल का म्हटलं, तर तोही नाही. देवळातल्या प्रसादालासुद्धा द्राक्षाच्या दारूऐवजी साधं पाणी घेतात.

पहाटे रोज स्वप्नात अव्वाची चूल दिसते. पातेल्यातली वाफ वर जाते, तिचंच धुकं होतं, आणि त्या धुक्यात मी जागा होतो. अव्वाला निरोप सांग की मला मिळेना तर मिळेना, माझ्या वाटचा एक कप तिनं रोज प्यावा. नाहीतरी एका कपावर तिचं कधी भागलंय?

दाजींना शरणार्थ सांग. धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
सोमू


॥ श्री गुरुबसव प्रसन्न ॥

मंठाळ
ता. १२ डिसेंबर १९५३

चि. सोमशेखर यास,
गुरुअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आम्ही सगळे खुशाल हाव. तुझ्या दाजींनी मुडबीच्या बाजारातून म्हैस आणलीय. दूध बरं देतीय, पण लाथ दाजींनाच मारतीय, म्हणजे माणसं वळखतीय म्हणायचं. तुरी औंदा झकास आल्यात.

तुझा निरोप अव्वाला वाचून दाखवला. ती हसली, मग उठून गोठ्याकडं गेली ती लई वेळ आलीच न्हाई. तू काही मनाला लावून घेऊ नको. तिला गुडघ्याचा त्रास हाय, चालायला वेळ लागतो.

एक काम कर. तुझ्या त्या एडनाबाईला दोन गोष्टी विचार. पहिली म्हणजे गवती चहा त्यांच्या नेमात बसतो का. दुसरी म्हणजे, पिला न्हाई पण दुसऱ्याच्या चहाचा नुसता वास घेतला तर नेम मोडतो का. कामून विचारायलीस म्हणू नको. नको ते विचारायची मला ल्हानपणापासून खोड हाय, तुला ठावं हाय.

थंडीत कानाला बांधत जा. अक्काची आठवण ठेवायला पैसे पडत न्हाईत, तेवढी ठेव.

तुझी,
गुरुअक्का


॥ श्री गुरुबसव प्रसन्न ॥

लोगन
ता. २० जून १९५४

ती. गुरुअक्का हिस,
सोमूचे शि. सा. शरणार्थ. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. परीक्षा होती.

तुझे प्रश्न जेवताना विचारले. एडनाबाईंच्या मते गवती चहात चहाचं पान नसेल तर तो नुसता पाला, खुशाल प्यावा. वासाचं विचारल्यावर त्यांनी हातातला काटा खाली ठेवला. मग म्हणाल्या की नाक देवानंच उघडं ठेवलंय, त्याला नेम लावता येत नाही. तेवढ्यात थोरली रूथ म्हणाली की चहातली तरतरी बाटलीतल्या थंड कोलातही असते, मग तोही वर्ज्यच. धाकटी मेरी म्हणाली की वाणीत त्याचं नाव नाही, म्हणजे चालतो. शेजारच्या घरी चालतो, ह्यांच्या घरी नाही. उपासाला काय चालतं यावरून आपल्याकडं बायका भांडतात, हुबेहूब तेच.

बाईंच्या वडिलांचं नाव थॉमस. मी त्यांना थॉमसअप्पा म्हणतो. ते तरुणपणी इंग्लंडातून आले, येताना चहाची सवय घेऊन. त्या काळी हा नेम नुसता उपदेश होता, पुढं तो पक्का झाला. मंदिरात जायला त्यांच्या बिशपचं, म्हणजे मोहल्ल्याच्या धर्मप्रमुखाचं परवानापत्र लागतं. चहा घेणाऱ्याला ते मिळत नाही. थॉमसअप्पांना चहा सोडवला नाही, आणि खोटं बोलून कागद घ्यायचा त्यांचा स्वभाव नाही. गोठ्यामागच्या छपरीत ते रोज एक कप करतात. हल्ली अर्धा मला मिळायलाय.

गेल्या आठवड्यात रूथचं लग्न झालं, मंदिरात. आम्ही दोघं बाहेर हिरवळीवर बसलो होतो. मी परक्या धर्माचा म्हणून, आणि ते एका कपापायी. दारातून आत जाताना रूथनं मागं वळून आजोबांकडं पाहिलं. वर पांढरे ढग होते, पांढऱ्या भिंती होत्या, उन्हात सगळं तरंगत असल्यागत वाटत होतं. थॉमसअप्पा म्हणाले की जन्मभर वाटत आलं, एक कप तो काय, मनात आलं की सोडीन. मला फार वाईट वाटलं, अक्का.

आता खरी बातमी. शिक्षण पुढच्या वसंतात संपतंय. इथल्या कालव्याच्या कचेरीत आणखी तीन वर्षं काम देतो म्हणतात. राहावं असं मन घेतलंय. अव्वाला तू समजावून सांगशील ना? तिला तू आहेस, दाजी आहेत, तिचा चहा आहे. होकार कळवायच्या आधी तुझ्या पत्राची वाट पाहतो.

माझ्यावर रुसायचं असेल तर पत्र लिहून रूस, गप्प बसून नको.

तुझा,
सोमू


॥ श्री गुरुबसव प्रसन्न ॥

मंठाळ
ता. ८ ऑगस्ट १९५४

चि. सोमशेखर यास,
अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

अव्वाला चहा न्हाई, सोमू. तू गेलास त्या दिवसापासून न्हाई.

तुझी मोटार वळणाआड गेली आणि तिनं गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन नेम केला, की सोमू उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवीपर्यंत चहाला शिवणार न्हाई. असा नेम ज्याच्यासाठी केला त्याला कळू द्यायचा न्हाई, कळला तर त्याच्या पायात बेडी पडती, असं म्हणून माझ्याकडून वचन घेतलं. तू आपल्या मनानं यावास असं तिला वाटतंय. आणि तू मात्र निरोप धाडलास की माझ्या वाटचा पी. गोठ्यात जाऊन ती रडत होती, गुडघ्याचं मी खोटं लिहिलं.

सुरुवातीला तिचं डोकं लई दुखायचं. आता सकाळी तुझ्या दाजींचा चहा व्हायच्या वेळेला बरोबर तिच्या घरून आमच्याकडं येती. तुरी निवडायच्या निमित्तानं चुलीचा धूर जिकडं जातो तिकडं बसती आणि डोळे मिटती. वासाचं मी त्यासाठी विचारलं व्हतं. एडनाबाईचा निवाडा सांगून गवती चहापण करून दिला. तिनं कप नाकाशी नेला आणि खाली ठेवला. म्हणाली की त्या बाईचा नेम थोरांनी लावून दिलेला, तिनं त्यांना विचारावं. माझा मी केलेला हाय, मी कुणाला विचारू? त्याला चहा म्हणायलाव, मग तो चहाच.

आज मी वचन मोडलं. बेडी पडायची तर पडू दे, तीन वर्षं मला बघवणार न्हाई. तू काय करायचं ते तू ठरव. राहिलास तरी तू माझा भाऊच हास, पण ठाऊक असून राहा.

तुझी,
गुरुअक्का


॥ श्री गुरुबसव प्रसन्न ॥

लोगन
ता. १ ऑक्टोबर १९५४

ती. गुरुअक्का हिस,
सोमूचे शि. सा. शरणार्थ. वि. वि.

कचेरीला नकार कळवला. परीक्षा झाली की पहिल्या बोटीनं निघतो. मला कळलंय हे अव्वाला सांगू नकोस. मी आपल्या मनानं यायलोय, आणि ते खरंच आहे. तुझं पत्र वाचल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही.

छपरीत बसून थॉमसअप्पांना सगळं सांगितलं. स्टोव्हवर पाणी उकळत होतं. त्यांनी विचारलं की तुझी आई रोज तो वास घेते आणि तरी पीत नाही? मी हो म्हटलं. त्यांनी स्टोव्ह बंद केला. म्हणाले की तू घरी पोचल्याचं कळेपर्यंत मीही घेणार नाही. मंदिरासाठी जमलं नाही, धर्मासाठी जमलं नाही, बघू एका बाईसाठी जमतं का. मला वाटलं, चार दिवसांचं असेल. पण कप अजून पालथाच आहे. आता आम्ही दोघं संध्याकाळी तिथं बसून नुसतं डोंगरमाथ्यावरच्या पहिल्या बर्फाकडं बघतो.

चुलीवर आधण ठेवायची तयारी कर.

तुझा,
सोमू


॥ श्री गुरुबसव प्रसन्न ॥

मंठाळ
ता. २९ मे १९५५

चि. सोमशेखर यास,
अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

गुलबर्ग्याची नोकरी मानवली का? तुझ्या जिभेला हाड न्हाई, हे आता लेखी कळवायलाव.

उंबरा ओलांडलास, पाया पडलास, अव्वाच्या हातात मी कप दिला. एक घोट घेऊ दिला असतास तर काय बिघडलं असतं? पण तुला तेव्हाच त्या थॉमसअप्पाची गोष्ट सांगायची घाई. मी वचन मोडलं तेही त्यातच फुटलं. तिनं कप जो खाली ठेवला तो ठेवला. तो म्हातारा माणूस माझ्यापायी तसाच बसलाय, त्याला कळायच्या आधी मी कशी पिऊ, म्हणती. मी म्हटलं की अव्वा, तुझा नेम फिटला, शास्त्रात असं काही न्हाई. म्हणाली की शास्त्र राहू दे, लाज तरी पाहिजे.

रोज टपालवाल्याची वाट बघती. तिकडून उत्तर आलं की लगोलग धाड.

तुझी,
गुरुअक्का


॥ श्री गुरुबसव प्रसन्न ॥

गुलबर्गा
ता. ३ जुलै १९५५

ती. गुरुअक्का हिस,
सोमूचे शि. सा. शरणार्थ. वि. वि.

एडनाबाईंचं पत्र विमानाच्या टपालानं आलं. अव्वाला सावकाश वाचून दाखव.

मी तिथून निघाल्यावर एकदा बिशप घरी आले. थॉमसअप्पांनी चहा सोडल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं, म्हणून कागद द्यायला आले होते. थॉमसअप्पांनी सरळ सांगितलं की मी हे नेमासाठी केलेलं नाही, लांबच्या एका आईसाठी केलंय, तेव्हा कागदावर माझा हक्क नाही. बिशपांनी टोपी बाजूला ठेवली आणि पेन काढलं. मग म्हणाले की वाणीत काय सोडायचं ते लिहिलंय, कुणावरच्या मायेनं सोडायचं ते लिहिलेलं नाही. आणि सही केली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मेरीचं लग्न झालं. थॉमसअप्पा आत होते.

खाली त्यांनी स्वतः वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलंय की तुझ्या आईला सांग, आता खुशाल घे. मी पुन्हा सुरू करणार नाही, ह्या वयात एकदा जमलंय ते मोडवत नाही. माझ्या वाटचाही तिनंच प्यावा.

तुझा,
सोमू


॥ श्री गुरुबसव प्रसन्न ॥

मंठाळ
ता. ७ जुलै १९५५

चि. सोमशेखर यास,
अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं. अव्वानं दोनदा वाचायला लावलं, मग स्वतः उठून चूल पेटवली. मला हात लावू दिला न्हाई. दोन कप भरले. पहिल्याचा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाली की इतका कडू असतो व्हय हा? ह्याच्यासाठी मी इतके दिवस धुरात बसत व्हते?

मी म्हटलं की नको वाटत असेल तर ठेव, आता कसला नेम हाय. तिनं पदरानं डोळे पुसले, कप संपवला, आणि दुसरा जवळ ओढला. म्हणाली की माझा माझ्या मर्जीचा व्हता, हा मात्र टाकता यायचा न्हाई. हा त्या म्हाताऱ्याचा हाय.

तुझी,
गुरुअक्का