वाकड्या बोटाने दाखवलेली माशी

प्रति,
मा. वनाधिकारी साहेब,
वन कार्यालय, अंबोदिहासिना, मादागास्कर.

विषय : चुकीच्या माशीचा फलक काढणे व शुक्रवारची झाडतोड थांबवणे याबाबत.
संदर्भ : सदर फलक, गुरांच्या वाटेवर, गेले वर्षभर उभा.

महोदय,

मी खाली सही करणारा जाओतोदी, राखीव वनाचा वाटाड्या, सेवा एकोणीस वर्षे, नोंदलेल्या चुका शून्य, सादर करतो की,

१. आपल्या बेटाखेरीज कुठेच नसलेली तरंगमाशी (गांधीलमाशीचे पट्टे, नांगी मात्र नाही, हवेत टांगल्यासारखी एका जागी राहते) हासिना नावाच्या झुडपांच्या एकाच जाळीत येते. गतवर्षी शहरातले छायाचित्रकार आले व म्हणाले, बोटाने दाखवा. जाळीच्या नेमकी मागे आमच्या पूर्वजांची समाधी. तिच्याकडे सरळ बोट करणे निषिद्ध, हे आपण जाणताच. सबब मी बोट वाकवले. ते जमिनीकडे गेले. तिथे शेण होते, शेणावर माशी होती. त्यांनी तिचे सुरेख छायाचित्र काढले.

२. त्याच छायाचित्राचा फलक तिथे लागला तेव्हाच चूक माझ्या ध्यानात आली. परंतु खाली "शोधक : श्री. जाओतोदी" असे माशीहून मोठ्या अक्षरांत होते, म्हणून मी गप्प राहिलो. आजवर एकतीस पाहुणे त्या शेणापुढे आदराने वाकले. माहिती मीच दिली. एका बाईंचे डोळे भरून आले. रुमालही मीच दिला.

३. आता पाहुण्यांच्या बाकांना जागा हवी म्हणून येत्या शुक्रवारी ती हासिनाची जाळी तोडणार आहेत. नकाशात त्या जागी "काही नाही" असे लिहिले आहे. अक्षर माझेच आहे. जाळी गेली की माशी गेली.

४. पत्नी वेलोझारा हिला काल सारे सांगितले. ती भात निवडता निवडता म्हणाली, "वर्षभर शेणमाशीच्या जिवावर मिरवलात. आता खरीच्या जिवावर उठू नका." मग दाखवू कशी, असे विचारता तिने माझ्या नाकाकडे पाहिले व एवढे लांब कशाला दिले आहे, असे विचारले. समाधीकडे नाक करण्यास हरकत नसल्याचे वडीलधाऱ्यांना विचारून घेतले आहे.

तरी तोड थांबवावी, फलक माझ्या नावासकट उतरवावा व साहेबांनी उद्या सकाळी जातीने यावे. बोटाकडे पाहू नये. नाकाच्या सरळ रेषेत पाहावे.

नाव पुसले जाण्याची वाट पाहणारा,
आपला नम्र,
जाओतोदी
बुधवार, ११ ऑक्टोबर २०२३

सोबत :
१. शेणमाशीचे छायाचित्र (सुरेख).
२. खऱ्या माशीचे छायाचित्र : अद्याप कोणी काढलेले नाही. शुक्रवारपर्यंत काढता येईल.