ठाण्यात विलायती कंद फुलला

ठाणे, माघ वद्य चतुर्थी, शके १८०८. दिवेलागण.

फूल आले! जांभळे, आणि खरोखरचे! चारदा जाऊन पाहिले, तरी खात्री पटेना. साहेबांच्या फुलवेडाची वर्तमानपत्रातून टिंगल करणारा मी, एका साहेबाच्याच माळ्याकडून हा विलायती कंद मागून आणतो काय, आणि या वयात अंगणात नाचतो काय!

कंदाला आधी थंडी हवी, असे माळी म्हणाला. ठाण्यात थंडी कुठली? म्हणून दोन महिने कुंडी माठाच्या तिवईखाली ओल्या गोणपाटात ठेवली होती. आत्याने ती पाहिली मात्र, सोवळ्यातूनच ओरडली, "मेल्या, कांदा? माझ्या पिण्याच्या पाण्याखाली?"

"कांदा नव्हे गं, फुलझाड आहे."

"मग फूल दाखव. शिवरात्रीपर्यंत आलं नाही, तर उकिरड्यावर!"

आज मोठ्या तोऱ्यात तिला हाक मारून दाखवले. तिने वाकून पाहिले. चेहरा एकदम विरघळला. "अगदी कृष्णाच्या रंगाचं रे! उद्या पहाटे खुडून देवाला वाहते."

खुडून! वाद घालून आत्यापुढे आजवर कोण जिंकले आहे? काय सुचले कोण जाणे, तिच्या देखतच कुंडीवर ओणवा झालो आणि छाती भरून वास घेतला.

"अरे, हुंगलंस? आता देवाला कसं चालेल ते?"

तणतणत आत गेली. फूल जागेवर आहे, जांभळे. देवा, क्षमा कर. पण काय वास आहे!