नदीच्या पूर्वेकडचा काळ

१ ऑक्टोबर १९६७, रविवार
सामान लागले. फुजी नदी ओलांडून पूर्वेला आलो, ओसाका मागे राहिले. नाइलाज. गावभर कागदगिरण्यांचा वास, शिळ्या कोबीसारखा. सुमिए म्हणाली, होईल सवय. आमच्या लग्नाबद्दलही तिने पहिल्या दिवशी हेच म्हटले होते. पण मला सवय करून घ्यायचीच नाही. घर हेच ऑफिस, वार्ताहर मी एकटाच, आणि तोही फक्त एप्रिलपर्यंत.

अट अशी. निशिवाकी (डेस्कचे प्रमुख, माझ्याहून दोन वर्षांनी लहान) निघताना म्हणाले, बातमी रोज संध्याकाळी सहाच्या आत फोनवर हवी. डिसेंबरअखेरपर्यंत तीनदा उशीर झाला नाही तर एप्रिलमध्ये ओसाकाला परत, थेट सांस्कृतिक पानावर. तीनदा झाला तर, "तिकडची हवा चांगली आहे म्हणतात, तोकुदाराव."

मंडळींनी निरोपाला ऑफिसातले भिंतीवरचे विजेचे घड्याळ काढून दिले. मागे कोरले आहे: 'वेळेवर'. खोच कळली, पण लक्ष दिले नाही. घड्याळ मात्र सोन्यासारखे. ओसाकात आठ वर्षे माझ्या डोक्यावर टांगलेले होते, मिनिटाचाही फरक पडला नाही.

दारावर नावाची पाटी लावली. कागदाची. सहा महिन्यांसाठी लाकडी कशाला?

संकल्प: बातमी रोज साडेपाचला. उरलेल्या वेळात 'काळ आणि विश्व' हा निबंध, बारा प्रकरणे. सांस्कृतिक पानावर असा माणूस हवाच. वडील देवळाचे पुजारी. सातव्या वर्षापासून त्यांनी माझ्याकडून संस्कृत मंत्राक्षरे गिरवून घेतली. निमेष, क्षण, कल्प हे शब्द मला शाळेच्या वेळापत्रकाआधी ठाऊक होते. शाळेत उशिरा जायचो ते त्यामुळेच.

२ ऑक्टोबर, सोमवार
दुपारी बाराला रेडिओवरून घड्याळ लावले. गिरणी संघटनेच्या निवडणुकीची बातमी लिहिली. घड्याळात पाच वाजून वीस मिनिटे असताना फोन केला. चाळीस मिनिटे आधी. निशिवाकी म्हणाले, "सहा चोवीस." मी म्हणालो, पाच वीस. ते म्हणाले, "तोकुदाराव, पहिल्याच दिवशी?"

उशीर: एक. (अन्यायाने.)

सांगायला सुमिएला हाक मारली तर ती घरात नाही. बाजारात गेली होती, तासाभराने आली. काय काम होते विचारले तर म्हणाली, "होतं एक." नोंद करून ठेवतो.

३ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळपासून रेडिओ उशाशी घेऊन मोजले. दर तासाला घड्याळ दहा मिनिटे मागे. नऊ नाही, अकरा नाही, दहाच. बिघाड असता तर त्यात आळस दिसला असता, चंचलपणा दिसला असता. दहा म्हणजे नियम. नियम म्हणजे कोणीतरी केलेला.

दिवसाला चार तास जातात. कुठे?

५ ऑक्टोबर, गुरुवार
रेडिओवर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्नच आहे. रेडिओ टोकियोचा. टोकियोवाले जन्मजात घाईत. जेवतात उभ्याने, बोलतात तोडून. त्यांनी चोवीस तास वीस तासांत कोंबले तरी मला नवल वाटणार नाही. उलट माझे घड्याळ ओसाकाचे. त्याला खोटे बोलायचे कारण नाही.

सुमिएच्या स्वयंपाकघरात चावीचे घड्याळ आहे. ते रेडिओशी जुळते. संशयास्पद. चावी कोण देते? सुमिए.

९ ऑक्टोबर, सोमवार
सुमिए म्हणाली की धुण्याचे मशीन इथे आल्यापासून मरगळल्यासारखे फिरते. गल्लीच्या टोकाला कात्सुमाता म्हणून विजेच्या सामानाचा दुकानदार आहे, त्याला तिने विचारले. तो म्हणाला, इकडची वीज वेगळी. मी तेव्हा कल्पावर लिहीत होतो. नुसते 'बरं' म्हणालो.

पण नंतर सुचले, मशीनसुद्धा. म्हणजे मंदपणा सार्वत्रिक आहे. प्रकरण दुसरे यावरच.

११ ऑक्टोबर, बुधवार
कात्सुमाता मशीनखाली आडवा पडून काहीतरी बदलून गेला. मशीन आता जोरात. एका पुराव्याचा नाश झाला. जाताना माझ्या घड्याळाकडे बघून गालात हसला आणि सुमिएला म्हणाला, "वहिनी, तेही देऊन टाका."

सुमिएने विचारले, "देऊ का हो?" मी ठणकावून सांगितले की ते उपकरण आहे, त्याला कोणी हात लावायचा नाही. ती म्हणाली, "राहिलं. तुमचं तुम्हाला माहीत."

हा मनुष्य घड्याळ का मागतो?

१५ ऑक्टोबर, रविवार
पुरावे गोळा करतो आहे. नदीच्या या बाजूला नूडल्सचे सूप काळे, तळ दिसत नाही. ओसाकात दिसतो. तळ दिसू नये अशी इच्छा असणारे लोक आहेत हे. ईल मासा आम्ही पोटाकडून चिरतो, हे पाठीकडून. नववर्षाची तांदळाची मोची आमची गोल, यांची चौकोनी. म्हणजे इकडे अवकाशाचाच आकार बदलतो. मग काळानेच जसाच्या तसा राहावे अशी अपेक्षा का?

निबंधाची शीर्षके झाली. बाराच्या बारा.

१९ ऑक्टोबर, गुरुवार
सुमिए रोज साडेपाचला येऊन टेबलावर टकटक करते. "अहो, साडेपाच." माझ्या घड्याळात तेव्हा काहीही वाजलेले असते. गृहशांतीसाठी ऐकतो आणि फोन करतो. निशिवाकींना वाटते मी सुधारलो. त्यांना वाटू दे.

महाकालाकडे आज पहिल्यांदा नीट पाहिले. स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे, आमच्याकडे त्याला दाइकोकु म्हणतात. खांद्यावर पोतडी, हातात हातोडी, पायाखाली तांदळाची पोती, तोंडभर हसू. सुमिए त्याला बरकतीचा देव समजते. मूळचा तो महाकाल, सगळ्याला गिळणारा. घरोघरी स्वयंपाकघरात काळ बसवून ठेवला आहे आणि कोणाला पत्ता नाही. पोतडीत काय आहे हे कोणी कधी विचारले आहे? रोजचे चार तास कुठेतरी जातातच ना.

सुमिए म्हणाली, "त्याच्याकडे टक लावून बघू नका, भात करपतोय."

२४ ऑक्टोबर, मंगळवार
सुमिए पुन्हा कात्सुमाताकडे. आता इस्त्री. परत येताना हसत होती. काय झाले विचारले. म्हणाली, "ते विचारत होते, यजमानांचं कुठवर आलंय?" माझ्या संशोधनाची बातमी फुटली आहे.

निबंध आता कुलूपबंद पेटीत. निबंध म्हणजे शीर्षके.

२८ ऑक्टोबर, शनिवार
सिद्धान्त सापडला. न्हाणीघरात, मानेपर्यंत पाण्यात असताना.

काळ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. नदीशी येतो तेव्हा काही भाग पाण्याबरोबर समुद्राला मिळतो. उरतात सहातले पाच भाग. सूर्य, रेडिओ, निशिवाकी हे सगळे जुन्या हिशेबाने चालतात. इथला खरा काळ फक्त माझ्या घड्याळाला कळतो. म्हणजे मी कधीच उशिरा नसतो, जग लवकर असते.

माझे वय अठ्ठेचाळीस. इथल्या काळाने चाळीस. सुमिएला सांगितले. ती म्हणाली, "मग जिना चढून गाद्या तुम्हीच वाळत घाला."

प्रयोग करावा लागेल. नदीच्या पश्चिम काठावर.

२ नोव्हेंबर, गुरुवार
प्रयोगाचा दिवस. घड्याळ कापडात बांधून सकाळच्या बसने पूल ओलांडला. निशिवाकींनी नेमके आजच साकुरा कोळंबीच्या पहिल्या मोठ्या वाळवणाची बातमी मागितली होती. तीही पश्चिम काठावरच. एका दगडात दोन पक्षी.

नदीच्या कोरड्या पात्रात कोळंबी पसरलेली, पाठीशी फुजी पर्वत. जाळ्यांच्या शेडमध्ये एकच प्लग. शेड सांभाळणाऱ्या शिमाआजींची परवानगी घेऊन घड्याळ लावले. ऐन बाराला, भोंग्याबरोबर. मग वायर पुरेल तेवढे बाहेर येऊन घड्याळ मांडीवर घेऊन बसलो.

एक वाजता: एक. फरक नाही.

दोन वाजता: दोन.

तीन वाजता उभा राहिलो. घड्याळातही तीनच. काठ बदलला आणि काळ पूर्ण झाला. आजींना सांगितले, घड्याळ बरोबर चालते आहे. त्या म्हणाल्या, "मग चालायलाच हवं की, घड्याळ आहे ते. माझे गुडघेसुद्धा या काठावरच बरे चालतात." मी हे लिहून घेतले. स्वतंत्र साक्ष.

त्या म्हणाल्या, "वार्ताहर ना तुम्ही? मग कोळंबीकडे पाठ करून काय बसलाय? सकाळपासून सगळे फोटोवाले येऊन गेले." मी म्हणालो, कोळंबी दरवर्षी येते.

संध्याकाळच्या परतीच्या बसमध्ये तिसरे प्रकरण मनात रचत होतो. घरी पोचलो तेव्हा सव्वासात. सुमिएने दारातच सांगितले, निशिवाकींचे चार फोन.

उशीर: दोन. (विज्ञानासाठी.)

३ नोव्हेंबर, शुक्रवार
दुसऱ्या एका वर्तमानपत्राने पहिल्या पानावर फोटो छापला आहे. गुलाबी वाळवण, मागे फुजी, आकाश निरभ्र. डाव्या कोपऱ्यात एक मनुष्य ओव्हरकोट घालून भिंतीवरचे घड्याळ मांडीवर घेऊन बसला आहे, लहान मूल घेतल्यासारखे. चेहरा कोळंबीच्या विरुद्ध दिशेला. खाली ओळ: 'हंगामाची वाट पाहणारा एक ग्रामस्थ.'

ग्रामस्थ.

निशिवाकी फोनवर म्हणाले, "आपल्या पानावर कोळंबी नसली तरी निदान तुम्ही त्यांच्या पानावर आलात." आणि मग, हळू आवाजात, "आता एकच उरला, तोकुदाराव. मला खरंच तुम्हाला परत आणायचंय. मदत करा."

असे ते पूर्वी कधी बोलले नव्हते. संशय येतो. पण रात्री निबंधाची पेटी उघडली नाही हेही लिहून ठेवतो.

८ नोव्हेंबर, बुधवार
निबंध ओसाकाला पाठवला. बारा प्रकरणे होती ती चार पाने झाली, सत्य आटोपशीर असते. शेवटचे वाक्य: 'तरी नदीच्या पूर्वेकडील वार्ताहरांना बातमीसाठी सहाऐवजी सव्वासातची मुदत देणे हाच विश्वाशी सुसंगत न्याय होय.'

सुमिएने पाकिटावर तिकीट लावता लावता विचारले, "नक्की पाठवायचं? कात्सुमातांना एकदा दाखवलं असतं." मी म्हणालो, विजेच्या दुकानदाराला काळाचे काय कळणार.

१४ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी निशिवाकींचा फोन. मागे बरेच लोक असल्याचा आवाज. हसण्याचाही. निबंध सगळ्यांनी वाचला म्हणाले, आधी सांस्कृतिक पानाने, मग घरगुती उपकरणांच्या पानाने. मग म्हणाले, "वहिनींना द्या जरा."

सुमिए फोनवर: "हो. हो. पहिल्या दिवसापासून. नाही हो, ऐकतात कुठे."

फोन ठेवून तिने घड्याळ भिंतीवरून काढले, काखेत मारले आणि मला म्हणाली, "चला." चपला घातल्या.

कात्सुमाताने घड्याळ उघडले. म्हणाला, नदीच्या त्या बाजूला वीज सेकंदाला साठ वेळा धडधडते, या बाजूला पन्नास. पूर्वी ओसाकावाल्यांनी वीज बनवायची यंत्रे अमेरिकेतून आणली आणि टोकियोवाल्यांनी जर्मनीतून, मग जुळवायचे राहूनच गेले. "घड्याळ बिचारं धडधड मोजतं. साठ झाल्या की म्हणतं झाला सेकंद. इकडे तेवढ्या व्हायला वेळ लागतो." त्याने खण ओढला. आत त्याच मापाची दातेरी चाके, शंभरेक. "तिकडून येणारे सगळेच आणतात. गेल्या वर्षी एक न्यायाधीश आले होते. त्यांचं म्हणणं होतं जमिनीखाली भूकंप अडकलाय. एक बाई म्हणायच्या, सासूचा आत्मा." चाक बसवायला चार मिनिटे लागली. मग स्क्रू आवळता आवळता, मान वर न करता त्याने विचारले, "तुमचं काय होतं?"

मी म्हणालो, माझे तसे विशेष काही नव्हते.

सुमिए दुकानातल्या पंख्यांकडे पाहत होती.

१५ नोव्हेंबर, बुधवार
घड्याळ भिंतीवर. आता कसोटी. एका दिवसावर विश्वास टाकणे बरे नव्हे, चाकही कात्सुमाताचेच. दुपारी तीनपासून समोर बसलो, शेजारी रेडिओ. गिरणीच्या नव्या चिमणीची बातमी लिहून तयार होती, टेबलावर, पेपरवेटखाली.

चार: बरोबर. पाच: बरोबर. सहाचा ठोका रेडिओवर आणि घड्याळात एकदम पडला, केसाचाही फरक नाही. इतकी निर्दोष जुळणी मी आयुष्यात पाहिली नव्हती. जरा वेळ तसाच बसून राहिलो.

मग फोन वाजला. निशिवाकी म्हणाले, "सहा चोवीस."

मी घड्याळाकडे पाहिले. सहा चोवीस.

ते म्हणाले, "घड्याळ?" मी म्हणालो, बरोबर आहे. ते म्हणाले, "मग?"

मी पेपरवेटखालची बातमी वाचून दाखवली. मग त्यांनी विचारले, तिकडे थंडी पडली का. मी म्हणालो, सकाळी पडते.

उशीर: तीन.

सुमिएला म्हणालो, आज टकटक केली नाहीस. ती म्हणाली, "आता तुमचं घड्याळ बरोबर आहे ना. मी कशाला सांगू?"

जेवण झाल्यावर तिने कपाटातून कागदात गुंडाळलेली वस्तू काढली, हातोडी घेतली आणि बाहेर गेली. जाऊन पाहिले. कागदाची पाटी काढून तिथे लाकडी बसवत होती. देवदाराची, अक्षरे खोल कोरलेली. तोकुदा. चांगले काम.

इतक्या लवकर कशी तयार झाली, विचारले.

म्हणाली, कधीची तयार आहे. २ ऑक्टोबरलाच करायला सांगून आले होते.