आज रिसीव्हर उचलू नका

अप्पा,

जमलं. सकाळी कॉम्प्युटरमधून अमेरिकेतल्या अण्णाचा आवाज आला, अडखळत, पण त्याचाच. मला मात्र बोलता आलं नाही, आपला माईक खराब निघाला. नवा आणायला चिकपेटला पळते आहे. तो अकराला पुन्हा कॉल करणार आहे.

कॉम्प्युटर चालूच राहू दे. डायल टोन आहे का बघायला तुम्ही दर तासाला फोन उचलता, तेवढं आज नको, इंटरनेट फोनच्याच तारेवर आहे, उचलला की लाईन तुटते. शेजारच्या सकवारबाई फोन करायला आल्या तर त्यांनाही स्वल्प थांबायला सांगा.

सकाळी तुमचा लेक सारखं “अप्पा आहेत का” एवढंच विचारत होता. त्याच्या लग्नापासून त्याचा फोन आला की तुम्ही गुपचूप रिसीव्हर माझ्या हातात देता. या कॉम्प्युटरला रिसीव्हरच नाही.

पवित्रा